फळ कुठपर्यंत जाईल

आत्या सीताफळाला पिकलं किंवा कच्चं असं कधी म्हणायची नाही. ती गावाचं नाव घ्यायची. फळ हातात आलं की अंगठा त्याच्या खांद्यावरून एकदा फिरायचा, उजवा डोळा बारीक व्हायचा आणि निकाल लागायचा, "हे केज." पुढचं, "हे बीड." त्याच्या पुढचं, "हे हैदराबाद." नवीन आलेल्या बाईला वाटायचं, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण अर्थ सरळ होता. पहिलं फळ आजच्या आज केजच्या बाजारात विकून मोकळं व्हावं. दुसरं दोन दिवस कळ काढील. तिसरं ट्रकमध्ये हिंदकळून चार दिवसांनीही हैदराबादच्या दुकानात ताठ बसेल. फळ कसं आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. कुठपर्यंत जाईल, एवढंच ती सांगायची.

सीताफळाच्या अंगावरच्या फुगीर खवल्यांना आमच्याकडे डोळे म्हणतात. दोन डोळ्यांमधली खाच रुंदावून पिवळसर पडली की फळानं डोळे उघडले म्हणायचं. आत्याचा स्वतःचा डावा डोळा लहानपणीच बाभळीचा काटा लागून गेलेला. "त्याला शंभर डोळे अन् मला एक," ती म्हणायची, "तरी बी मीच त्याला वळखते, ते मला न्हाई."

धारूरच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. माझी ती कुणी लागत नव्हती, पण शाळा सोडून मी घाटात एसटीच्या खिडक्यांखाली सीताफळाची पाटी घेऊन पळायचो, तेव्हा ती पाटी आत्या भरून द्यायची. आज त्याच रस्त्याला लागून माझी पॅकिंग शेड आहे. तीस बाया कामाला असतात आणि मला सगळे शेठ म्हणतात. हे मला कुणी ताटात वाढलेलं नाही, मी ओढून घेतलेलं आहे. आत्या मात्र शेवटपर्यंत गणपा म्हणाली. समोर व्यापारी बसलेला असला तरी गणपा. एकदा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "आत्या, चारचौघांत तरी शेठ म्हणा." ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी बीडच्या एका व्यापाऱ्याशी बोलणं चाललेलं असताना ती येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गणपा शेठ, तुज्या पायजम्याची नाडी लोंबतीय."

त्याच व्यापाऱ्याशी माझा भाव जुळत नव्हता. तो उठून निघाल्याचं सोंग करत होता. आत्या ढिगापाशी बसल्या बसल्या म्हणाली, "जाऊ दे त्येला. केज हाय त्यो." मला कळलं, त्याला कळलं नाही. मी त्याला थांबवलं नाही. तो गेटपर्यंत गेला, उगाच चप्पल झटकली आणि परत फिरला. माणसांच्या बाबतीतही तिचा अंगठा सहसा चुकत नसे. मी कुठपर्यंत जाणारा आहे, हे मात्र तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

भाव करताना मी कुणाला सोडत नाही. माझा जन्म त्यातच गेला. आत्याशी मात्र एका फळाचीही घासाघीस होत नसे. हैदराबादची खोकी भरायला दहा-वीस फळं कमी पडली की मी म्हणायचो, "आत्या, हे बीडचं जरा हैदराबादला लावा की. काय होतंय?"

"लावते की. पर तू बी जा त्याच्यासंगं ट्रकमधी. डोळे उघडाया लागलं की हातानं मिटीत बस."

बाया हसायच्या. मी चिडायचो. फळ बीडच्याच ढिगात राहायचं.

तिचे ढीग मात्र तीन नव्हते, चार होते. चौथ्याचं नाव 'बघू'. एखाद्या फळाचे डोळे उन्हाच्या बाजूला उघडलेले आणि सावलीच्या बाजूला घट्ट मिटलेले असतात. एखादं रंगानं तयार दिसतं, पण अंगठ्याला दगड लागतं. असं फळ ती बाजूला गवतात ठेवायची. सकाळी येऊन पुन्हा हातात घ्यायची आणि मग गाव सांगायची. काही फळांना तिसऱ्या दिवशीही 'बघू'च म्हणायची. मला त्या ढिगाचा राग यायचा. व्यापाराला हो चालतं, नाही चालतं. 'बघू' म्हणणाऱ्या माणसाचा माल शेवटी डुकरं खातात, असं माझं मत होतं.

आत्याला स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती. दिवाळीच्या पुढेमागे वाडीतली माणसं ऊसतोडीला निघतात. तिचा मुलगा आणि सून टोळीबरोबर जायचे. तिनंही उभा जन्म ऊस तोडला होता. पण माझ्या शेडमध्ये सीताफळ संपलं की लिंबं यायची, लिंबं संपली की चिंच फोडायला यायची, आणि तेवढ्या आधारावर चार वर्षं ती टोळी निघून गेली तरी वाडीत मागं राहत होती. "आता मला माज्याच चुलीम्होरं बसायचंय," ती म्हणायची. "फडातल्या पाचटाच्या कोपीत न्हाई."

मग मी मशिन आणलं. लांब पट्टा, पट्ट्यावर रबरी वाट्या, एका वाटीत एक फळ, वर कॅमेरा आणि पुढे तीन तोंडं. कॅमेरा फळ बघणार, ओळखणार आणि ज्या त्या तोंडातून खाली सोडणार. ते बसवायला पुण्याहून सायली मॅडम आल्या होत्या. मशिनला एकच डोळा बघून बायांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'धाकटी आत्या' ठेवलं.

मी मॅडमना म्हणालो, "याला सांगून ठेवा, दोन डोळ्यांमधली खाच बघायची."

मॅडम हसल्या. "तसं नसतं, शेठ. काय बघायचं ते आपण त्याला सांगत नाही. फक्त हजारो फोटो दाखवायचे आणि प्रत्येक फोटोला ढीग सांगायचा. हा केज, हा बीड, हा हैदराबाद. एका ढिगातल्या फोटोंमध्ये सारखं काय आहे, ते मशिन आपलं आपण शोधतं. पुढे नवीन फळ आलं की ते ज्या ढिगासारखं दिसेल त्यात टाकतं."

"आणि त्यानं भलतंच काही शोधलं तर?"

"तर ते बहुतेक वेळा चुकल्यावरच कळतं."

हे त्यांनी हसत सांगितलं, म्हणून मीही ते मनावर घेतलं नाही. शेजारी आत्या ऐकत होती. तिला माझ्याआधी समजलं. "म्हंजी सुनंला सैपाक शिकवल्यावानी," ती म्हणाली. "तोंडानं काय सांगायचं न्हाई. बघून बघून जे घेतील ते घेतील."

पंधरा दिवस ती शिकवणी चालली. आत्या फळ हातात घ्यायची, अंगठा फिरवायची, फळ वाटीत ठेवायची आणि गाव सांगायची. मॅडम बटण दाबायच्या. गाडं अडलं ते चौथ्या ढिगावर. आत्यानं 'बघू' म्हटलं की मॅडम माझ्याकडे बघायच्या.

मी म्हणालो, "आत्या, तीन तोंडं हायत. चौथं न्हाई. केज, बीड, हैदराबाद, काय ते एक सांगा."

"मला ठावंच न्हाई, तर ठावं हाय म्हणून कावून सांगू?"

"मशिन सांगतंय की. ते कुठं अडतंय?"

"मग तेला आदी लाज शिकीव."

तीस बायांसमोर हे झालं. मी चिडून मॅडमना 'बघू'चे सगळे फोटो पुसायला लावले आणि तशी फळं पट्ट्यावर ठेवायचीच नाहीत, असं बजावलं. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काम मात्र तिनं एक दिवसही चुकवलं नाही.

शिकवणी संपल्यावर मशिनची परीक्षा घेतली. आत्या फळ ठेवत गेली, मशिन गाव सांगत गेलं. सकाळपासून दुपारपर्यंत एकही चूक नाही. मी पेढे वाटले. मॅडम पुण्याला गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मी चार तरण्या बायांना पट्ट्याच्या तोंडाशी उभं केलं, कारण त्यांचे हात भरभर चालायचे. आत्याला नुकत्याच यायला लागलेल्या लिंबांकडे बसवलं. ट्रक भरला, हैदराबादला गेला.

पाचव्या दिवशी तिकडच्या व्यापाऱ्याचा व्हिडिओ आला. एकेक खोकं उघडून तो मोबाइलसमोर धरत होता. एका खोक्यात निम्म्या फळांचा लगदा झालेला. दुसऱ्यात फळं इतकी दगड की तो ती टेबलावर आपटून आवाज ऐकवत होता. तो मला शिव्या देत नव्हता, हसत होता. मला शिव्या परवडल्या असत्या. वीस वर्षं त्या माणसानं माझं खोकं न उघडता घेतलं होतं.

मी तसाच शेडमध्ये गेलो. माझ्या डोक्यात हिशेब पक्का बसला होता. मशिन तेच, पट्टा तोच, शिकवणारी एकच. आणि तिचा राग कशावर होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"चौथा ढीग दिला न्हाई म्हणून तू मशिनला उलटं शिकवलंस," मी सगळ्या बायांसमोर म्हणालो. "पंधरा दिवस माझ्या छपराखाली बसून माझंच वाटोळं केलंस."

आत्याच्या हातात लिंबू होतं. तिनं ते नीट त्याच्या ढिगात ठेवलं.

"आज 'तू'वर आलास," ती म्हणाली. "मी उलटं शिकवलं?"

"शिकवलंस."

ती उठली, पदर झटकला. "पोराची टोळी परवा निघतीया. जाते मी त्याच्यासंगं." दारापाशी ती थांबेल असं मला वाटलं. सौद्यात माणूस दारापाशी थांबतो. ती थांबली नाही.

चार दिवसांनी सायली मॅडम आल्या. त्यांनी आधी यंत्राचं सगळं तपासलं, त्यात काही निघालं नाही. मग लॅपटॉपवर हैदराबादच्या ढिगातला एक फोटो घेतला आणि त्यावर बोटाएवढा काळा चौकोन ठेवून मशिनला विचारलं. चौकोन फळाच्या डोळ्यांवर ठेवला, मशिन म्हणालं हैदराबाद. आणखी खाली ठेवला, तरी हैदराबाद. सगळं फळ झाकलं आणि फक्त देठ उघडा ठेवला, तरीही हैदराबाद. मग देठ झाकला आणि फळ पूर्ण उघडं ठेवलं. मशिन म्हणालं, केज.

मॅडमनी पंधरा दिवसांचे फोटो ढिगावार लावले आणि मला जवळ बोलावलं. हैदराबादच्या प्रत्येक फोटोत देठ वर. केजच्या प्रत्येक फोटोत देठ खाली, टोक वर. बीडची सगळी फळं आडवी. एकही अपवाद नाही. मशिननं पंधरा दिवसांत सीताफळ बघितलंच नव्हतं. देठ कुठं आहे तेवढं बघून ते हुशार झालं होतं.

माझ्या मागं शांता उभी होती, पट्ट्याच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या चौघींतली. ती म्हणाली, "त्यात काय नवल, शेठ? आत्या तसंच ठेवती. लांबच्या फळाचा देठ कडक असतो, खाली आला तर हिसक्यानं फळातच घुसतो. जवळच्याचं टोक मऊ पडल्यालं असतं, त्यावर वजन येऊ द्यायचं न्हाई. आमी बी पाटीत तसंच लावतो."

"मग पट्ट्यावर तसं का ठेवलं न्हाई?"

"कुठलं फळ कुठं जाणार, हे आमाला कुटं ठावं? ते तर मशिन सांगणार हुतं न्हवं?"

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांनी चांगलं केलं. चाळीस वर्षं आत्याच्या हाताला ती सवय होती. तिला विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं. फळ हातातून सुटायच्या आधीच ते कुठं जाणार हे हाताला ठरलेलं असायचं, आणि हात ते फळ त्या बेतानं ठेवायचा. मशिननं फळ सोडून तिचा हात शिकून घेतला होता. मॅडम म्हणाल्या, आता फळ पट्ट्यावर गोल फिरवू, प्रत्येकाचे सहा बाजूंनी फोटो काढू. आणि मशिनची खात्री कमी असेल तेव्हा तसं सांगणारं चौथं तोंडही बसवता येतं, ते काही अवघड नाही. हे त्यांनी आधीच का सांगितलं नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही फोटो पुसायला लावले होते, शेठ."

त्या वर्षी टोळी लांब गेली नव्हती. माजलगावच्या बाजूला फड लागला होता. मी गाडी घेऊन निघालो. वाटेत मी बोलणं जुळवून ठेवलं. आधी तिच्या सवयीमुळं माझं काय झालं ते सांगायचं, मग थोडं नमतं घ्यायचं, मग परत चला म्हणायचं. पहिल्या वाक्यातच पाय धरले की सौदा संपतो.

आत्या तोडलेल्या उसाच्या शेंड्यांच्या, म्हणजे वाढ्यांच्या, मोळ्या बांधत बसली होती. मागे उसाच्या पाचटाची कोपी. मी देठाची सगळी गोष्ट सांगितली. तिनं हातातलं काम न थांबवता ऐकली. मध्ये एकदा स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "आरं द्येवा." मग विचारलं, "ही चूक हुडकाया त्या मॅडमला किती येळ लागला?"

"दोन दिवस."

"आन माजी चूक तुला किती येळात घावली?"

मी जुळवून आणलेलं बोलणं विसरलो. म्हणालो, "आत्या, चुकलं माझं. चला आता, गाडी आणलीय."

"मी उलटं शिकवलं, आसं बोललास कुठं तू?"

"शेडमध्ये."

"कुणाम्होरं?"

"बायांसमोर."

"मग हितं उसाला सांगून काय उपेग?"

मी म्हणालो, आत्ता चला, आत्ता सांगतो. तिनं हातातली मोळी आवळली. "बाया हायत कुठं आता? निम्म्या फडात गेल्यात. त्या दिवशी जेवड्या हुत्या तेवड्या गोळा झाल्या की सांग. तवर मी चोर. चोराला शेडीत कावून नेतोस?"

मी बराच वेळ समजावलं. आवाज चढवला, उतरवला. मुलगा मध्ये पडला, त्यालाही तिनं गप्प केलं. शेवटी मी एकटाच परत आलो. तो सगळा हिवाळा आत्या कोपीतच राहिली. साठी उलटलेल्या बाईला थंडीत पाचटाच्या कोपीत कुणी ठेवलं, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर मी भांडेन, पण उत्तर मला माहीत आहे.

पुढच्या हंगामात बाया परत आल्या. आत्या आली नाही. फडातच तिचा गुडघा गेला होता आणि लेकीनं तिला युसूफ वडगावला नेऊन ठेवलं होतं. शेडच्या पूजेच्या दिवशी नारळ फुटल्यावर मी बायांना थांबवलं. त्या दिवशीच्या सगळ्या होत्या की नाही, हे मी एकेक तोंड बघून मोजून घेतलं. एक लग्न होऊन गेली होती, तिलाही सासरहून बोलावून घेतलं होतं. मी शांताला सांगितलं, आत्याला फोन लाव, तोंड दिसणारा. शांतानं मोबाइल उंच धरला. त्यात युसूफ वडगावच्या ओसरीवर आत्या बसलेली दिसली, उजवा डोळा बारीक केलेला.

मी म्हणालो, "आत्यानं मशिनला उलटं शिकवलं असं मी म्हणलो होतो. ते खोटं हाय. चूक माझी होती."

मोबाइलमधून आवाज आला, "ऐकू आलं न्हाई, गणपा."

मी पुढं सरकलो आणि पुन्हा म्हणालो, मोठ्यानं.

"कोण चुकलं म्हणलास?"

"मी, आत्या, मी!" मी ओरडलो. बाहेर ट्रकवरचा ड्रायव्हर आत डोकावला. सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि मी घामानं भिजलो होतो.

"हां," आत्या म्हणाली. "आता आलं. लागा कामाला, फळं ताटकळल्यात."

बायांनी त्या वर्षी मशिनला नव्यानं शिकवलं, चार तोंडांचं. आत्याचा गुडघा काही बरा झाला नाही. पौषात ती युसूफ वडगावलाच वारली. माती द्यायला शेडमधल्या झाडून सगळ्या बाया आल्या होत्या, आणि मीही होतो. परतताना गाडीत मी शांताला विचारलं, त्या दिवशी आत्याला खरंच ऐकू येत नव्हतं का? शांता म्हणाली, "रेंज नसंल, शेठ." त्या दिवशी शेडमध्ये रेंजच्या चारही काड्या होत्या. मी स्वतः बघितल्या होत्या.